ट्रॉलीचा वरचा कप्पा

आज सकाळी ड्यूटी बदलताना आमच्या फौजी सहकाऱ्याचा आवाज नव्हता. उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत मेडिक, म्हणजे जखमींवर पहिले उपचार करणारा जवान, म्हणून काढली, मग नर्स होऊन आपत्कालीन विभागात आले आणि शेवटपर्यंत इथलेच राहिले. ट्रॉली अजून त्यांच्याच पद्धतीने लावलेली आहे.

वरच्या कप्प्यात टॉर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर दांडी पिळून आवळायचा पट्टा, तेही वेष्टनातून काढून, फास मोठा ठेवून. रक्ताने ओल्या हातमोज्यांनी प्लास्टिक फाटत नाही. शिकवायला वापरलेलं टॉर्निकेट ते पेशंटसाठी कधीच ठेवू देत नसत; पुन्हापुन्हा पिळून पट्टा आणि दांडी दोन्ही कमजोर होतात. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर बांधायचं, सांध्यावर नाही. आधी खिसा चाचपायचा, कारण खाली किल्ल्या राहिल्या तर दाब सारखा बसत नाही. दांडी पिळायची ती रक्त थांबेपर्यंत, पट्ट्याच्या पुढची नाडी लागेनाशी होईपर्यंत. नवशिके इथेच चुकतात. पेशंट ओरडला की हात सैल पडतो. अर्धवट आवळलेला पट्टा शिरा बंद करतो, धमनी मात्र वाहती राहते, आणि रक्त उलट वाढतं. म्हणून खूप दुखणार आहे हे ते पेशंटला आधीच सांगत आणि मग थांबत नसत. एकाने भागलं नाही तर दुसरं त्याच्या वरच्या बाजूला. लगेच मार्करने वेळ लिहायची. २ तासांच्या आत पुढचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायला हवा. पायाला जरा रक्त मिळू दे म्हणून मधेच सैल करणं त्यांना अजिबात खपत नसे.

जांघेत, काखेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेच्या तळापर्यंत गॉज (जाळीदार कापडी पट्टी) ठासायचा, शेवटचं टोक बाहेर ठेवायचं, किती तुकडे गेले ते मोजायचं. रक्त गोठवणारं औषध नसलेला साधा गॉज असेल तर घड्याळ लावून १० मिनिटं दाब. मिनिटाभरात उचलून बघितलं की धरू लागलेली गुठळी निघते.

फौजेतल्या सगळ्याच सवयी इथे चालण्यासारख्या नव्हत्या. हे त्यांचं त्यांनी ओळखलं, याचं आम्हाला जास्त कौतुक. तिकडचा जखमी बहुधा तरुण आणि धडधाकट. इथे ७५ वर्षांच्या आजी येतात, नाडीचा वेग कमी ठेवणारं बीटा ब्लॉकर हे औषध चालू असतं, रक्त गेलं तरी नाडी ८० च्या वर जात नाही. रक्तदाब ११० दिसला म्हणून ते कधी निर्धास्त झाले नाहीत; एरवी १६० असणाऱ्या माणसाला ११० म्हणजे शॉकही, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं, असू शकतो. त्यामुळे नातेवाईकांना त्यांचा पहिला प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असे आणि दुसरा रोजच्या रक्तदाबाचा.

थंडीच्या बाबतीत मात्र ते पुरते फौजीच राहिले. ओले कपडे कापून काढा, ब्लँकेट अंगाखालीही घाला, सलाईन कोमट करून द्या. शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअसखाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावू लागते. घाईत ही गोष्ट हमखास राहून जाते.

आज ट्रॉली तपासली. टॉर्निकेट ४, गॉज पुरेसा, कात्री जागेवर. मार्कर त्यांनी गॉजच्या पट्टीने हँडलला बांधून ठेवला होता. शाई वाळली होती. नवा बांधला, तशाच दोन गाठी मारून.