हळद्या सूड घेत नव्हता

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी लिफ्टमध्ये गाठलं, म्हणाल्या तुमचा कुत्रा आता ओरडत नाही हो, काय केलंत, आमच्याकडं पण पिल्लू आणलंय आणि आम्ही बाहेर पडलो की सोफा फाडून ठेवतंय. लिफ्ट वर पोचेपर्यंत जेवढं जमलं तेवढं सांगितलं, पण दोन वर्षांची गोष्ट लिफ्टमध्ये कशी सांगणार, म्हणून इथं सगळं लिहितेय. ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे त्यांनी निवांत वाचा.

हळद्या आमच्याकडं २०२१ च्या जुलैत आला. त्या वर्षीचा पूर सांगलीत कोण विसरेल, आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोक्याची पातळी आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. गावभागात माझ्या माहेरच्या घरात पाणी उतरल्यावर गाळ काढायला गेलो तर जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर हे पिवळं गावठी पिल्लू बसलेलं, अंगावर वाळलेला चिखल, आवाज नाही, काही नाही, नुसतं बघत होतं. लेकानं उचललं आणि विश्रामबागला आमच्या फ्लॅटवर आणलं. हळदीच्या गावातलं पिवळं पिल्लू म्हणून नाव हळद्या.

पहिलं वर्ष एकदम छान गेलं, म्हणजे आता कळतंय का छान गेलं ते. लेकाचं कॉलेज बरंचसं ऑनलाइन, तो घरातच, म्हणजे हळद्या एक मिनिट पण एकटा राहिलाच नाही. लेक आंघोळीला गेला तरी हा बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसायचा. आम्हाला कौतुक, किती लळा लागलाय बघा. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, माझं ऑफिस मिरजेत, ह्यांची कंपनी कुपवाडला, आणि सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा घर रिकामं. एका आठवड्यात सगळं बदललं आणि त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं पण नाही की का बदललं.

पहिल्या आठवड्यात घरी आले तर दाराच्या चौकटीचं लाकूड खालून वीतभर सोललेलं, दाराजवळ शू, आणि फरशीवर एवढी लाळ की मला वाटलं पाण्याचं भांडं सांडलंय. मी ओरडले. तो कान पाडून, शेपूट पोटात घेऊन कोपऱ्यात गेला, नजर चुकवायला लागला, आणि मी ह्यांना फोन करून सांगितलं, बघा त्याला कळतंय त्यानं काय केलंय ते, मुद्दाम करतो, आपण गेल्याचा राग काढतो. ही माझी सगळ्यात मोठी चूक होती आणि ती मी जवळजवळ दीड महिना रोज करत होते.

त्या पडलेल्या चेहऱ्यावर खरोखरचा अभ्यास झालाय हे मला नंतर समजलं. अलेक्झांड्रा होरोविट्झ म्हणून अमेरिकेत कुत्र्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात असं दिसलं की कुत्र्यानं खाऊ चोरलाय की नाही ह्याचा त्या अपराधी तोंडाशी संबंधच नाही, मालक रागावला की ते तोंड होतं, काही न केलेल्या कुत्र्याचं पण होतं. म्हणजे हळद्या मला चूक कबूल करून दाखवत नव्हता, माझ्या आवाजाला घाबरत होता. दिवसभर मी गेले म्हणून घाबरायचा आणि संध्याकाळी मी आले म्हणून घाबरायचा. हे लिहिताना आज पण घशाशी येतंय.

डोळे उघडले ते व्हिडिओनं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रारी सुरू झालेल्या, आणि समोरच्या आजी एक दिवस मला म्हणाल्या, "अगं, तुझं पोरगं लई रडतंय बघ दिवसभर. भुंकत नाही, रडतंय." मला विश्वास बसेना, म्हणून जुना मोबाईल टीव्हीच्या टेबलावर उभा करून रेकॉर्डिंग लावून गेले.

तो व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही. माझ्या अॅक्टिव्हाचा आवाज लांब जातो तोपर्यंत तो दाराशी कान ताठ करून उभा आहे. मग खिडकी, परत दार, परत खिडकी, जीभ बाहेर काढून धापा टाकतोय, ते पण पावसाळ्यात, पंखा चालू असताना. चौथ्या मिनिटाला दार खरवडायला लागला. सातव्या मिनिटाला मान वर करून जो आवाज काढला तो मी त्याच्या तोंडून आधी कधीच ऐकला नव्हता, लांबलचक, कोल्ह्यासारखा. आणि जाताना मी त्याच्यासाठी दहीभात ठेवलेला, त्याचा जीव की प्राण, तो तसाच पडून होता, हुंगला पण नाही. मी दार उघडल्यावर दोन मिनिटांत मात्र सगळा फस्त. राग काढणारं कुत्रं असं करत नाही हो, हे घाबरलेलं कुत्रं आहे, पुराच्या वेळी आपल्या पोटात जसा गोळा यायचा तसा ह्याला रोज साडेनऊला येत होता.

ह्याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात, म्हणजे आपलं माणूस गेल्यावर एकटं राहायची भीती. ओळखायचं कसं, तर माणूस बाहेर पडल्यावर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं, मोडतोड जास्त करून दार, खिडकी, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवर असते, लाळ, धापा, येरझाऱ्या, शिकलेलं कुत्रं पण घरात घाण करतं, आणि आवडीचं खाणं तोंडाला लावत नाही. आता लिफ्टमधल्या ताईंचं पिल्लू, ते दात येताना सोफा फाडत असेल, नाहीतर कंटाळून, आणि कंटाळलेलं कुत्रं मजेत फाडतं, मधेच झोपतं, खाऊ दिला तर खातं. त्याला फिरवणं, चघळायला देणं, नाकानं शोधायचे खेळ एवढ्यानं पण बराच फरक पडतो. घाबरलेल्याला नुसतं दमवून फरक पडत नाही, मी हळद्याला सकाळी शंभर फुटी रस्त्यावर तासभर पळवून आणलं तरी साडेनऊला तेच. म्हणून आधी व्हिडिओ काढा, अंदाजावर काहीच करू नका. आणि डॉक्टरला दाखवा, कारण लघवीचं इन्फेक्शन असलं तरी घरात शू होते आणि म्हातारी कुत्री डोक्यानं गोंधळली की पण असं करतात.

मधे एका ट्रेनरला बोलावलं होतं. तो म्हणाला लाडावलाय, तुम्हाला मालक समजत नाही, पिंजऱ्यात ठेवा आणि ओरडला की काठी आपटा. पिंजरा एकच दिवस वापरला. संध्याकाळी पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून रक्ताळलेली आणि जाळीवर दातांच्या खुणा. पिंजऱ्याची गोडी असलेली कुत्री असतात, त्यांचं वेगळं, पण जो आधीच बाहेर पडायला जिवाच्या आकांतानं धडपडतोय त्याला कोंडलं तर तो स्वतःला फाडून घेतो. आणि ओरडून, काठी आपटून भीती कशी जाईल, भीतीवर अजून एक भीती चढते.

मग जनावरांच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, एक शब्द न बोलता, आणि मग म्हणाले, मॅडम, आधी एक ठरवा, ह्याला जेवढं झेपतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. मी म्हटलं डॉक्टर त्याला एक मिनिट झेपत नाही. ते म्हणाले मग एक मिनिट पण नाही. मला वाटलं हे काय बोलतायत, नोकरी सोडू का. पण खरी किल्ली तीच आहे, कारण तुम्ही सकाळी एकटं राहायचा वीस सेकंदांचा सराव करणार आणि नंतर आठ तास त्याला त्याच भीतीत सोडणार, तर सराव रोज धुवून जाणार.

आणि इथं आजी आल्या. मी समोरच्या घरी जाऊन रडतच सांगितलं, तर म्हणाल्या, "आण की हिकडं, मला तरी दिवसभर कोण हाय." त्या दिवसापासून साडेनऊला हळद्या समोरच्या दारात. आजी कोथिंबीर निवडणार, हा त्यांच्या खुर्चीखाली, दुपारी सिरीयल सुरू झाली की दोघं झोपणार. आपल्या जुन्या घरांत कुत्रं एकटं कधी नसायचंच ना, परड्यात कुणी ना कुणी, ओट्यावर कुणीतरी बसलेलं, आपण फ्लॅटमध्ये आलो आणि कुत्र्याला पण आणलं, पण ओटा मागं राहिला. ज्यांना आजी नाहीत त्यांनी कॉलेजची पोरं बघा, भाऊबंद बघा, नवराबायकोची शिफ्ट जुळते का बघा, थोडे पैसे देऊन कुणी बसतंय का बघा. कुत्र्याला माणूस हवं असतं, तुम्हीच हवे असं प्रत्येक वेळी नसतं. दुसरं कुत्रं आणा असं बरेच जण सुचवतात, पण हा माणसासाठी रडत असेल तर दुसरं कुत्रं बहुतेक वेळा उपयोगाचं नाही, आणि दोन कुत्री रडायला लागली तर काय करणार.

मग सराव. आधी किल्लीचं. माझ्या अॅक्टिव्हाच्या किल्लीला घुंगरू आहे, ते वाजलं की हळद्याच्या धापा सुरू, मी घरातून निघायच्या पण आधी. तर मी दिवसात दहावेळा किल्ली उचलायची आणि सोफ्यावर बसून पेपर वाचायचा, चप्पल घालून भाजी चिरायची, पर्स खांद्याला लावून परत काढायची. सुरुवातीला प्रत्येक वेळी ताडकन उठायचा, दोन-अडीच आठवड्यांनी नुसती मान वर करायला लागला, आणि एका संध्याकाळी घुंगरू वाजलं तरी त्यानं डोळे पण उघडले नाहीत, मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले.

मग दार. पहिल्या दिवशी दार उघडायचं, बंद करायचं, बाहेर जायचंच नाही. मग बाहेर तीन सेकंद आणि आत. पाच. परत तीन. आठ. दोन. वाढवत वाढवतच न्यायचं नाही, मधेच सोपं करायचं, नाहीतर त्याला पण कळतं की दरवेळी अवघडच होत चाललंय. मी जिन्यात मोबाईलवर त्याला बघत उभी राहायची, आणि नियम एकच, तो घाबरायच्या आधी आत यायचं. ओठ चाटणं, जांभया, एकटक दाराकडं बघणं, हे दिसलं की आजचा वेळ जास्त झाला, उद्या कमी. दिवसातून एकदा, वीसेक मिनिटं, आठवड्यात दोन दिवस सुट्टी. एक मिनिट पार व्हायला आम्हाला तीन आठवडे लागले. लोक जिन्यातनं येता-जाता बघायचे, विचारायचे किल्ली विसरला का.

औषधाबद्दल मी आधी फार घाबरत होते, झोपेच्या गोळ्या देऊन कुत्रं गुंगवून ठेवायचं असं वाटायचं. तसं नसतं. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन म्हणून बेचैनी कमी करणारी गोळी सुरू केली, अमेरिकेत ते औषध कुत्र्यांच्या ह्याच त्रासासाठी २००७ ला मंजूर झालंय, क्लोमिप्रामिन म्हणून असंच दुसरं औषध त्याच्या आधी १९९८ ला. लगेच फरक पडत नाही, चार ते सहा आठवडे थांबावं लागतं, सुरुवातीला भूक कमी झाली, थोडा सुस्तावला. औषधानं एकटं राहायला शिकवलं नाही, पण शिकण्याएवढं डोकं शांत झालं, आणि सरावाशिवाय नुसती गोळी देऊन चालत नाही. एक गोष्ट मात्र नीट वाचा, आपल्याकडं गोचीड घालवायला अमिट्राझचं औषध सर्रास पाण्यात घालून अंगाला लावतात, ते आणि ह्या गोळ्या एकत्र चालत नाहीत, धोका असतो. म्हणून डॉक्टरला गोचिडाचं कुठलं औषध, कुठला पट्टा वापरता ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि माणसांच्या गोळ्या मेडिकलमधून आणून आपल्या मनानं अजिबात देऊ नका.

अर्धा तास गाठायला साडेपाच महिने लागले. त्यानंतर गाडी वेगानं गेली, अर्ध्या तासावरून पाऊण, मग दीड, कारण बहुतेक भीती त्या पहिल्या अर्ध्या तासातच असते. मधे मागं पण आलो, दिवाळीत फटाक्यांनी चाळीस मिनिटांवरून चार मिनिटांवर. तेव्हा मी खूप निराश झालेले, हे म्हणाले, पूर आला की आपण पण पहिल्यापासनं गाळ काढतोच की.

आज हळद्या तीन तास चाळीस मिनिटं एकटा राहतो. गोळी अजून चालू आहे, हळूहळू कमी करायचं डॉक्टर बघतायत, मनानं एकदम बंद करायची नाही. आठ तास त्याला जमतील का, मला त्याची घाई नाही, कारण दुपारी जेवणानंतर तो आजींकडं जातोच, आणि आता त्याला जायचं असतं, एक वाजला की दाराशी उभा. दाराच्या चौकटीला अजून पॉलिश केलेलं नाही, खालचे ओरखडे तसेच आहेत.

सध्या सराव बंद आहे, गणपतीत ढोल आणि डॉल्बी सुरू असताना त्याला एकटं सोडायचंच नाही असं ठरवलंय. आजी चार दिवस लेकीकडं कराडला गेल्यात, तर दोन दिवस ह्यांनी हाफ डे टाकलाय, दोन दिवस मी. अनंत चतुर्दशी झाली की परत वीस मिनिटांपासून सुरू करू. ताई, तुमच्या पिल्लाचा व्हिडिओ काढला की घेऊन या वरती, आपण बसून बघू.