थोरलीचं चुकलं का?

दिवाळी अंक दिवाळीत संपत नाही. निदान आमच्या नाशकात तरी तो पार चैत्रापर्यंत फिरत असतो. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेलं गाव आहे हे. अंक वाचनालयातून घरी येतो, घरातून शेजारी जातो, तिथून कुणाच्या तरी पिशवीतून निफाड-सिन्नरला. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा सुरू झाली. तिच्यामुळे मराठी लेखकाला एक मोठी गोष्ट मिळाली, असं मी मानते: ज्यानं आपल्याला निवडलेलंच नाही असा वाचक. तो राशिभविष्यासाठी अंक उघडतो आणि जेवणानंतर पडल्या पडल्या तुमची कथाही वाचून काढतो. लेखकाचं नाव त्याच्या लक्षात राहीलच असं नाही.

मला फोन येतात ते बहुतेक अशाच लोकांचे.

मागे माझी एक कथा आली होती. दोन भावांत वाटणी झालेली, विहीर मात्र सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मार्चमध्ये विहीर तळाला जाते. दोघांचाही उन्हाळ कांदा रानात उभा. थोरली जाऊ एका रात्री आपल्या पाळीचं पाणी गुपचूप धाकटीच्या वाफ्यांत सोडते. कथा एवढीच.

एका रात्री निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. विहिरीवर लाइट यायची वाट बघत बसले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ताई, त्या थोरलीनं पाणी द्यायला नको होतं. हिचा कांदा वाळत नव्हता का? पोराची फी कशातून भरणार ती?" मी म्हटलं, तिला वाटलं, दिलं. "वाटलं म्हणून काय झालं? घरात विचारलं का तिनं?" बराच वेळ ते तिच्यावर रागावून बोलत होते, तीही एखाद्या भावानं रागवावं तसं. लाइट आली तसा फोन ठेवला. कथा आवडली की नाही, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

पुढे सिन्नरहून एका निवृत्त अंगणवाडी ताईंचा फोन आला. मला राहवलं नाही, मी त्यांना निफाडकरांचं म्हणणं सांगितलं. त्या तडक म्हणाल्या, "आणि डोळ्यांदेखत धाकटीचा कांदा करपला असता, तर हिला भाकरी गोड लागली असती का?" निफाडच्या दादांचा पुन्हा फोन आला तेव्हा हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या ताईंची जमीन नसंल."

या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण थोरली आता त्यांच्या नात्यातली आहे, आणि तिच्यावरून त्यांचं भांडण चालू आहे. लेखक-वाचक नातं म्हणतात ते मला इथं दिसतं. प्रकाशन समारंभात लोक प्रेमानं भेटतात, पुस्तकावर सही घेतात, फोटो काढतात. त्याचा आनंद मला होतोच. पण तिथं सगळं बोलणं माझ्याबद्दल असतं. निफाडच्या दादांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना थोरलीची काळजी होती, आणि माझा नंबर फक्त तिच्यापर्यंत पोचण्यापुरता हवा होता. याहून जास्त मला काही नको.

काही जण विचारतात, कथेच्या शेवटी विहिरीवरची मोटर बंद कुणी केली? धाकटीनं की तिच्या नवऱ्यानं? ते मी सांगत नाही. मी सांगितलं की त्यांचं बोलणं तिथंच थांबेल. त्यांनाच विचारते, तुम्हाला कोण वाटतं? आणि मग जे ऐकायला मिळतं, ते लिहिताना मला सुचलेलं नसतं. एका मुलीनं सांगितलं, थोरलीच्या पोरानं. तो जागाच असणार.

वाचक नुसतं घेत नाही, हे तर या गावाला सांगायलाच नको. तात्यासाहेब शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, 'विशाखा' हा कवितासंग्रह १९४२ साली आला तो वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रसिद्ध केला म्हणून. खांडेकर तेव्हा केवढे मोठे लेखक! पण त्या कवितांपुढे ते आधी वाचक होते, आणि त्या कविता लोकांपर्यंत पोचल्या पाहिजेत असं त्यांना मनापासून वाटलं.

कथेखाली नंबर छापू नकोस, असं मैत्रिणी सांगतात. बाईचा नंबर दिसला की नको ते फोनही येतात, हे खरंच आहे. ते मी कापते आणि ब्लॉक करते. ईमेल दे, असंही सुचवून झालं. पण रात्री विहिरीवर बसलेला माणूस ईमेल कशाला लिहील? यंदाच्या कथेखालीही नंबर असेल. दिवसा मी बँकेत काउंटरवर असते, तेव्हा फोन संध्याकाळी सातनंतर करा. लाइट रात्रीची असेल तर दहापर्यंत चालेल.