डाक आवृत्ती

आमच्या गावात सकाळचा पेपर दुपारी येतो. एसटी फाट्याफाट्यावर थांबत येते, कंडक्टर खिडकीतूनच गठ्ठा पानठेल्याकडे भिरकावतो आणि सुतळी सुटते न सुटते तोच पेपरची वाटणी होते. शहराची पानं काकाजींकडे. खेळाचं पान ज्याच्या हाती लागेल त्याचं. संपादकीय पान ठेलेवाला भाऊ न वाचताच सुपारीच्या डब्याखाली अंथरतो. त्याच्यावर आजवर कोणी हक्क सांगितलेला नाही.

पोळा नुकताच होऊन गेला होता. उघाड पडली होती, ऊन चटकत होतं, आणि खेळाचं पान त्या दिवशी माझ्या हाती लागलं. तळाशी इंग्लंडमधल्या कुठल्याशा मॅचची दोन बोटं बातमी. शेवटची ओळ अशी : ‘वृत्त लिहीपर्यंत दोन्ही संघ १-१ असे बरोबरीत होते.’

मला ही ओळ फार आवडते. गावांसाठीचा अंक लवकर छापून गाड्या निघतात, त्यामुळे आमच्याकडे पोचणाऱ्या जगात रात्रीच्या मॅच संपतच नाहीत. भारताला जिंकायला वीस धावा हव्याच असतात. मंत्रिमंडळाची बैठक उशिरापर्यंत सुरूच असते. निकाल मोबाइलवर कधीचा येऊन गेलेला असतो म्हणा. पण छापील १-१ समोर ठेवून वाद घालण्यात जी गंमत आहे, ती निकाल कळल्यावर उरत नाही.

वादाला काकाजी पुरेसे असतात. सत्तरी उलटलेली, थोडं वावर, खांद्यावर दुपट्टा. नागपूरला जाणं झालंच तर दवाखान्यापुरतं. पण त्या शहराचा एकही खड्डा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्यावर त्यांचं मत आहे, आणि ते दर पावसाळ्यात बदलतं. वर्धा रोडवरच्या डबलडेकर पुलाची गिनीज बुकात नोंद झाली तेव्हा त्यांनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती : लांबी ३.१४ किलोमीटर. रिटायर झालेले आमचे गुरुजी पलीकडच्या बाकावरून म्हणाले, “तीन पॉइंट चौदा? मंग पूल गोल काऊन नाई?” यावर दोन दिवस हसणं पुरलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि एका रात्रीत नागपूरच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तर काकाजींना उसंत नव्हती. “नागनदीच्या पोटात घरं बांधान तं नदी घरात येनारच ना बाप्पा,” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शाळेतली पोट्टी त्यांच्या मागून तसंच म्हणायला लागली.

फुटबॉलचं वेड त्यांना जागलीनं लावलं. सोयाबीन शेंगेवर आलं की रानडुकरांचा त्रास सुरू होतो, मग रात्री वावरात मांडवावर झोपायचं. झोप कुठली? नातवानं मोबाइलवर मॅच लावून दिली. युरोपातल्या मोठ्या मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला, हिवाळ्यात दीडला सुरू होतात; जागलीसाठी याहून सोयीची वेळ कोणी ठरवूनही दिली नसती. गोल झाला की काकाजी मांडवावरून असे ओरडतात की पलीकडच्या धुऱ्यावरचे रोहीसुद्धा पळतात. शेजारच्या वावरवाल्यानं एकदा विचारलं होतं, “काकाजी, उद्या मॅच हाये का? नाईतर मले यावं लागते.” हिवाळ्यात ओलिताला रात्रीची लाईन असली की तेच. मोटर सुरू करायची, दांड फोडायचा, पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत पहिला हाफ होतो.

आणि मग दुसऱ्या दिवशी ठेल्यावर निकालपत्र. मँचेस्टर युनायटेडबद्दल त्यांना विशेष चीड. त्यांचा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाला. मग मॉयेस आला, व्हॅन गाल आला, मोरिन्हो आला, त्यानंतरचीही नावं ते घडाघडा सांगतात. “कर्ता मानूस सव्वीस वर्सं एकाच खुर्चीवर बसला का मांगच्यायले थे खुर्ची मोठीच होते,” असा त्यांचा निवाडा. आयएसएल या आपल्याकडच्या फुटबॉल लीगमधली पुण्याची टीम २०१९ मध्ये बंद पडली, तिची जागा हैदराबादनं घेतली, आणि २०२५ मध्ये हैदराबादची टीमही दिल्लीला हलली. हे वाचून ते म्हणाले, “टीम हाये का बिऱ्हाड?” वर आणि, नागपूरला कोणी टीम दिली नाही तेच बरं, नाहीतर तीही नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कारखान्यांसारखी ‘येणार येणार’ म्हणून आपण वाट पाहत बसलो असतो.

ब्राझीलच्या नेमारचा त्यांचा हिशेब मला अजून आठवतो. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबनं त्याच्यासाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. तेव्हाच्या भावानं सोळाशे कोटींच्या वर. काकाजींनी खताच्या पावतीच्या पाठीवर मांडणी केली. लांब धाग्याच्या कापसाचा त्या सालचा हमीभाव ४३२० रुपये क्विंटल. भागाकार गुरुजींनी तपासला : सदतीस लाख क्विंटल. “सदतीस लाख क्विंटल कापूस,” काकाजी पावती धरून म्हणाले, “आन् पोट्टा एक.” त्या हंगामात बोंडअळीनं आमच्याकडे बोंडात सरकीसुद्धा धड ठेवली नाही. तो विषय मात्र ठेल्यावर निघाला नाही.

निघत नाहीच. हे माझ्या फार पूर्वी लक्षात आलं आहे. नागपूरच्या महापालिकेनं काय करावं आणि मँचेस्टरनं डाव्या बाजूला कोणाला खेळवावं, यावर आमच्या ठेल्यावर एकाहून एक धारदार मत मिळतं, कारण त्या दोन्ही ठिकाणी आपलं काही अडलेलं नाही. तिथला कोणी उद्या बांधावर भेटणार नाही, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर त्याची सही लागणार नाही. गावातल्या पाण्याच्या टाकीचं नाव काढा. टाकी बांधून झाली, रंग देऊन झाला, रंग उडायलाही लागला. पाणी काही चढलं नाही. का चढलं नाही हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. पण विषय निघाला की कोणी चुन्याची डबी शोधायला लागतो, कोणी रस्त्याकडे बघतो, आणि काकाजी पेपरची घडी उलटी घालून म्हणतात, “थे पाय, नागपूरच्या फुटाळा तलावाची बातमी आली.” कारण ज्याचं नाव घ्यायचं तो तिथंच बाकावर बसून चहा पीत असतो, आणि चहा बहुधा त्यानंच सांगितलेला असतो.

याला भित्रेपणा म्हणायचा तर म्हणा. मी म्हणत नाही, मीही तोच चहा पितो.

मत द्यायची खोड तशी गावाला जुनीच. १९८६ च्या वर्ल्ड कपला मी प्राथमिक शाळेत होतो. गावात टीव्ही एकच, ट्रॅक्टरवाल्या पाटलांच्या ओसरीवर, आणि गावची लाईन गेली की तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. अर्जेंटिना–इंग्लंड मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला लागली. आर्द्रा नक्षत्र लागायचा सुमार, पेरण्यांचं ओझं डोक्यावर, तरी अख्खं आळं हजर. पडदा काळा-पांढरा, त्यावर मुंग्या. कोण कुठल्या बाजूचा हेही धड कळत नव्हतं. आमचे आबाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी जन्मात फुटबॉल पाहिलेला नव्हता. नातू रात्रीचा एकटा कसा येईल म्हणून सोबतीला आलेले. मॅराडोनानं उडी मारली, गोल झाला, ओसरीवर दणका उडाला, आणि त्या दणक्यात आबाजी शांतपणे म्हणाले, “हात लावला थ्यानं. म्या पायलं.”

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. सगळ्यात पुढे काकाजी, तेव्हा ऐन तिशीतले. “आबाजी, तुमाले मोतीबिंदू हाये, गप्प बसा!” आबाजी गप्प बसले. घरी येताना माझा हात धरून चिखलातून वाट काढत पुन्हा एकदाच म्हणाले, “लावला होता पण.” पुढे मॅराडोनानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, जगानं मान्य केलं; काकाजींनी केलेलं नाही. ते अजून तो गोल डोक्याचाच धरतात.

आम्ही शाळेत ज्या बॉलनं खेळायचो तो वादीनं बांधायचा चामड्याचा होता. हेड मारताना वादीची गाठ कपाळाला लागली की तिचा ठसा संध्याकाळपर्यंत राहायचा, आई विचारायची कोणी मारलं. ब्लॅडर पंक्चर झालं की सायकलच्या दुकानात सोल्युशन लावून ठिगळ. एका वर्षी ठिगळावर ठिगळ बसेना, तेव्हा आम्ही आत कापूस कोंबला. घरोघरी गंज्या लागलेल्या होत्या, कमी कशाची? तो बॉल उसळत नसे, फक्त घरंगळत जाई, आणि सकाळच्या दवात भिजला की चौघांनाही ढळत नसे. गोलपोस्ट पऱ्हाट्यांच्या ढिगांचे. खेळ संपला की ज्याच्या घरच्या पऱ्हाट्या तो त्या चुलीसाठी घेऊन जायचा, म्हणून त्याला कधी आऊट म्हणायची सोय नव्हती.

आता पोरं खेळतात, पोरीही खेळतात. नागपुरात विजय बारसे नावाच्या शिक्षकांना २००१ मध्ये झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटकी बादली लाथाडताना दिसली आणि त्यातून त्यांनी मुलांचा फुटबॉल उभा केला, ही एकच बातमी अशी की जिच्यावर काकाजी टीका करत नाहीत. “थो मानूस खरा,” एवढंच.

तर त्या दुपारी १-१ वर घनघोर चालू असताना ठेलेवाल्या भाऊची पोरगी शाळेतून आली. नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर. काकाजींनी तिला आइसलँडची गोष्ट कितीदा ऐकवली असेल : साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचा देश, आपल्या एका वर्धा जिल्ह्यात असे तीन-चार मावते, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपात त्यांच्या गोलकीपरनं मेस्सीची पेनल्टी अडवली, तो गोलकीपर एरवी फिल्म बनवणारा माणूस. तिला ती पाठ आहे.

तिनं दप्तर उतरवलं नाही. म्हणाली, “बाबा, माहं विभागाच्या टीमच्या सिलेक्शनसाठी नाव आलं. नागपूरले जा लागते. सर म्हणे घरी विचारून उद्या सांग.”

भाऊ सुपारी कातरत होता, तो कातरतच राहिला. मग त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. काकाजींकडे, गुरुजींकडे, माझ्याकडे.

कोणी बोललं नाही. पेपर वाऱ्यानं फडफडत होता. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. काकाजींनी दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, पुन्हा या खांद्यावर घेतला.

“परत येतानीची गाडी किती वाजता हाये?” त्यांनी अखेर विचारलं.

एक जण म्हणाला, साडेसहाची आहे. दुसरा म्हणाला, साडेसहाची कुठं राहिली आता, ती लॉकडाऊनपासून बंदच आहे. तिसऱ्यानं फोन काढला.