जत्रा उठल्यावरचं लिस्बन

लिस्बनला जाणारे आपले लोक बेलेंचा मनोरा, अल्फामाच्या गल्ल्या आणि अठ्ठावीस नंबरची ट्राम उरकतात, अंडं चालत असेल तर पास्तेल द नाता हाणतात आणि दुसऱ्या दिवशी सिंत्रा गाठतात. शहराच्या पूर्वेला नदीकाठी असलेला पार्क दश नासोंइश हा भाग बहुतेकांच्या यादीत ‘मत्स्यालय, वेळ उरल्यास’ एवढ्यापुरता असतो. माझं ऐकाल तर त्याला एक अख्खा दिवस द्या. जागतिक प्रदर्शन भरवणं एखाद्या शहराला पचलं की नाही, हे चालत चालत बघता येईल अशा जागा जगात फार नाहीत.

इथे १९९८ साली २२ मे ते ३० सप्टेंबर या काळात ‘एक्स्पो ९८’ भरलं होतं. विषय होता महासागर, आणि निमित्त होतं वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीला ५०० वर्षं झाल्याचं. सुमारे १ कोटी लोक येऊन गेले. पण प्रदर्शनाआधी इथे काय होतं ते कळल्याशिवाय मजा नाही. तेलशुद्धीकरण कारखाना, तेलाच्या टाक्या, कत्तलखाना, लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार, कचरा डेपो. शहराला नको असलेलं सगळं पूर्वेला ढकललेलं. शेजारून तेजू नदीला मिळणारी त्रांकांव ही छोटी नदी घाणीसाठी युरोपभर बदनाम होती. तेजू म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली टॅगस.

आम्हाला हे सांगितलं ते नवऱ्याच्या ओळखीतल्या एका गोवेकर काकांनी. सत्तरच्या दशकात मडगावहून लिस्बनला गेलेले, रुळांपलीकडच्या मोश्काविदमध्ये राहतात. मराठी-कोकणीची भेळ बोलतात आणि जोरात चालतात. “उन्हाळ्यात वारा फिरला की खिडक्या बंद करायच्या. तेलाचा वास परवडला, पण कत्तलखान्याचा नको,” असं म्हणून काकांनी समोरच्या काचेच्या इमारतींकडे हात केला. “नदी एवढ्या जवळ होती, पण आम्हाला ती दिसायचीच नाही. मध्ये भिंती आणि तारा.”

कसं जायचं

विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन धरा. तिसरं स्टेशन ओरिएंत. ही लाइनच मुळात १९९८ साली प्रदर्शनासाठी सुरू झाली, विमानतळापर्यंत मात्र २०१२ साली पोहोचली. बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड गेटवर चालतं. दिवसभर हिंडायचं असेल तर नावेगांत कार्ड घेऊन त्यावर २४ तासांचं तिकीट भरा. कार्ड माणशी एक लागतं, एकावर दोघं जाऊ शकत नाहीत.

ओरिएंतला उतरल्यावर बाहेर पळू नका. मेट्रोच्या फलाटांच्या भिंतींवर निरनिराळ्या देशांच्या चित्रकारांची कामं टाइल्समध्ये आहेत. जपानच्या यायोई कुसामा, ऑस्ट्रियाचे हुंडर्टवासर, आणि आपले सय्यद हैदर रझासुद्धा! जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधल्या माणसाचं काम लिस्बनच्या मेट्रोत बघून मला उगाचच भरून आलं. लोक ट्रॉली बॅगा ओढत त्याच्यासमोरून ये-जा करत होते. एवढ्या मोठ्या चित्रकाराला इतक्या जवळून आणि फुकट बघायला मिळणं विरळाच.

मेट्रोच्या वर बसस्थानक आणि त्याच्याही वर रेल्वे. हे रेल्वे स्टेशन सान्तियागो कालात्रावा यांचं: पोलादी झाडांची रांग आणि त्यांच्या फांद्यांवर काचेचं छत. फोटोला एक नंबर. पण फलाट चारी बाजूंनी उघडे आहेत आणि नदीवरून येणारा वारा थेट अंगावर. हिवाळ्यात गाडीची वाट बघायची असेल तर शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत खालीच थांबा. पोर्तूला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात, त्यामुळे पुढचा मुक्काम पोर्तू असेल तर हा भाग शेवटच्या दिवशी ठेवणं सोयीचं.

मॉलमधून प्रवेश

स्टेशनसमोर वास्को द गामा मॉल आहे. “मॉल बघायला लिस्बनला आलो का?” असं आमच्या नवरोबांनी विचारलंच. पण हा मॉल म्हणजे प्रदर्शनाचं मुख्य प्रवेशद्वार. लोक इथूनच आत शिरत. प्रदर्शन संपल्यावर पाडापाडी न करता १९९९ साली त्याचा मॉल झाला. आत शिरल्यावर वर बघा: काचेच्या छतावरून पाणी सतत वाहत असतं आणि त्याच्या सावल्या खालच्या फरशीवर हलतात. वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे आहेत, बाहेर गच्चीवरून नदी दिसते, आणि स्वच्छतागृहं उत्तम. मुलं बरोबर असतील तर हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढे नदीकाठी अशी सोय पटकन सापडत नाही. मॉलच्या दोन बाजूंना निवासी मनोरे आहेत, साओ गाब्रिएल आणि साओ राफाएल. गामाच्या दोन जहाजांची नावं.

लिस्बनवाल्यांचं खरं कसब इथेच आहे. १९९२ साली शेजारच्या स्पेनने सेव्हियात मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्यानंतर तिथल्या कार्तुहा बेटावरचे बरेच मांडव वर्षानुवर्षं गवतात उभे राहिले. त्याच वर्षी लिस्बनला यजमानपद मिळालं. सेव्हियाचं उदाहरण डोळ्यांसमोर असल्यामुळे इमारत प्रदर्शनानंतर कोण वापरणार हे ती बांधण्याआधीच ठरवायचं, असा प्रयत्न झाला. देशोदेशीच्या दालनांचा मोठा भाग आज व्यापारी प्रदर्शनांचं केंद्र आहे. महासागराचं दालन म्हणजे आजचं मत्स्यालय. ज्ञानाच्या दालनात विज्ञानकेंद्र आलं. भविष्याच्या दालनात २००६ पासून कॅसिनो आहे. भविष्याचं असं व्हावं हा योगायोग म्हणून सोडून देते. उलट्या जहाजासारखं दिसणारं, आतून लाकडी तुळयांचं मोठं सभागृह आज मैफलींचं ठिकाण आहे. २०१८ची युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा तिथेच झाली.

सिझांचं छत

नदीकडे निघालात की डाव्या-उजव्या हाताला काहीही दिसो, आधी पोर्तुगालचं दालन गाठा. वास्तुरचनाकार अल्वारो सिझा. दोन बाजूंना खांबांच्या दोन भक्कम ओवऱ्या आणि मध्ये झोळीसारखं लोंबणारं काँक्रीटचं छत. साधारण ६५ मीटर लांब, ५० मीटर रुंद, आणि जाडी फक्त २० सेंटिमीटर. मधे एकही खांब नाही. खाली उभं राहिलं की डोकं मान्य करतं, पोट मान्य करत नाही.

आता एका टोकाला जा. काँक्रीट भिंतीपर्यंत पोहोचतच नाही! शेवटच्या पट्ट्यात ते थांबतं आणि आतल्या पोलादी तारा उघड्या पडतात. सगळं ओझं त्या तारांवर. उन्हात त्या फटीतून जमिनीवर उजेडाच्या रेघा उमटतात. ऊन डोक्यावर असताना जा, म्हणजे रेघा स्पष्ट दिसतील. आमच्या मुलीने त्या रेघांवर लंगडी खेळायला सुरुवात केली. पहारेकरी हसला, काही बोलला नाही.

गंमत म्हणजे सगळ्यांत देखणी असलेली हीच इमारत प्रदर्शनानंतर सगळ्यांत जास्त रेंगाळली. काय करायचं हिचं, यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा. शेवटी २०१५ साली ती लिस्बन विद्यापीठाकडे सोपवली. मत्स्यालय, मॉल, कॅसिनो यांना गिऱ्हाईक मिळालं. जिचा उपयोग ‘देशाची शोभा’ एवढाच होता, तिला मिळेना. छताखाली मात्र कधीही जाता येतं, तिकीट नाही.

मत्स्यालय आणि बाकीचं

मत्स्यालय बघाच. मधोमध सुमारे ५० लाख लिटर पाण्याची एकच टाकी आणि भोवती चार महासागरांचे काठ. कुठल्याही मजल्यावरून, कुठल्याही कोपऱ्यातून फिरून फिरून तीच टाकी समोर येते. शार्क, रे आणि तो विचित्र, अर्धवट कापल्यासारखा दिसणारा सनफिश. तिकीट महाग आहे आणि शनिवार-रविवारी रांग लागते, म्हणून ऑनलाइन काढून सकाळी उघडायच्या वेळेला जा. शाळांच्या सहली त्यानंतर येतात, मग काचेपाशी फक्त दप्तरं दिसतात.

लहान मुलं असतील तर विज्ञानकेंद्र मत्स्यालयाहून सरस ठरेल. दोरीवरून चालवायची सायकल आहे, आणि ‘हात लावू नका’ची पाटी नाही. केबल कार नदीकाठाने सव्वा किलोमीटर जाते. एकेरी तिकीट पुरे, परत चालत या. महासागर रस्त्यावर रंगीत टाइल्सचे शंकू दिसतील. त्यांच्याजवळ बॅग ठेवून फोटो काढायला उभे राहू नका. ते पाण्याचे ज्वालामुखी आहेत आणि मधेच उसळतात. आम्ही बाकावर बसून दुसऱ्यांची फजिती बघितली.

दक्षिण टोकाला जुन्या कारखान्याचा एक मनोरा आठवण म्हणून उभा ठेवलाय. फार कोणी तिथवर जात नाही. मला तो आवडला. सगळं पुसून टाकायच्या नादात निदान एक खूण राहिली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडी-माझगावकडे, बंदराच्या जमिनींचं काय करायचं याच्या चर्चा आपण इतकी वर्षं ऐकतोय. कधी काही झालंच तर तिथेही एखादं गोदाम असंच राहावं.

पूल

उत्तरेकडे चालत राहिलात की वास्को द गामा पूल. जोडरस्त्यांसकट सुमारे १७ किलोमीटर. प्रदर्शनाआधी, २९ मार्च १९९८ रोजी खुला झाला. त्याच्या थोडं आधी पुलावर टेबलं मांडून सुमारे १५ हजार लोकांना घेवड्याचं फेजुआदा जेवायला घातलं होतं. एवढी मोठी पंगत बघून आपल्याकडचा एखादा आचारीही चाट पडला असता.

गामाचं नाव इथे पुलाला, मॉलला, मनोऱ्याला, सगळ्यालाच. गोव्यातही एक शहर त्याच्या नावाचं आहे. पण त्याच ५०० वर्षांच्या निमित्ताने सोहळा करण्याला गोव्यात आणि केरळात विरोध झाला होता. काकांना मी याबद्दल विचारलं. “माझ्या बापाला तो सोहळा बघवला नसता, माझ्या नातवाला गामा म्हणजे मॉल वाटतो,” म्हणाले आणि चालायला लागले.

ओहोटीच्या वेळी पुलाखाली नुसता चिखल दिसतो, थोडा वासही येतो, पण पक्षी तेव्हाच असतात. कधी फ्लेमिंगोही. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून जा. पुढे त्रांकांवच्या मुखाशी, जुन्या कचरा डेपोच्या जागेवर, २०२३च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत जागतिक युवा दिनाचा मोठा मेळावा झाला. व्यासपीठाच्या खर्चावरून देशभर वाद पेटला, खर्च कमी करावा लागला, आणि शेवटी शहराला आणखी एक मोठं नदीकाठचं उद्यान मिळालं. म्हणजे ९८चीच युक्ती पुन्हा: पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं.

पचलं का?

नदी बरीच शुद्ध झाली, घाण गेली, मेट्रो आली, रोज लोक राहतात, कामाला येतात. या अर्थाने पचलं. पण पैसा कुठून आला ते बघा. खर्चाचा मोठा भाग जमिनी विकून उभा करायचा बेत होता. नदीसमोरची जमीन चढ्या भावाने विकली की तिथे कोण राहायला येणार हे सांगायला ज्योतिषी नको. आज लिस्बनमधल्या महागड्या घरांत इथल्या फ्लॅटची गणना होते. काकांच्या मुलाला इथे घर घ्यायचं होतं, त्याने नदीपलीकडे घेतलं. रोज पुलावरून येतो, शहराकडे येताना टोल भरतो.

आणि रेल्वेचे रूळ. ते आधीही होते, आताही आहेत. अलीकडे पार्क दश नासोंइश, पलीकडे मोश्काविद आणि ओलिवाइश या जुन्या वस्त्या. नवा भाग आधी दोन नगरपालिकांत विभागलेला होता. २०१२च्या फेररचनेत त्याचा स्वतंत्र प्रभाग झाला. काकांच्या मते तेव्हापासून रुळांची भिंत आणखी उंच झाली. मला हे थोडं अतिशयोक्त वाटलं, कारण संध्याकाळी नदीकाठी धावणाऱ्या, गळ टाकून बसलेल्या लोकांत मोश्काविदचीही माणसं होतीच. काका दर पाच मिनिटांनी कोणाला तरी हात करत होते. काठ सगळ्यांचा झाला. घरं झाली नाहीत.

मुक्काम, खाणं

पहाटेचं विमान किंवा सकाळची गाडी असेल तर मुक्काम इथे करा. लिस्बनच्या रात्री बघायच्या असतील तर नको. दहानंतर हा भाग झोपतो, आणि पायऱ्या-चढ नसलेले रुंद रस्ते बघून जुनं लिस्बन बघितल्यासारखं वाटणारही नाही. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र नक्की विचार करा, कारण गुडघेदुखीवाल्यांना झेपेल असा सपाट भाग या शहरात दुर्मीळ आहे. टोपी आणि पातळ जाकीट दोन्ही ठेवा. ऊन कडक आणि वारा गार, एकाच वेळी.

उत्तरेला नदीकाठी मिरीच्या नावाची गल्ली आहे, रुआ दा पिमेंता. हॉटेलांची रांग, पण शाकाहाऱ्यांचे हाल आणि भाव नदीच्या दृश्याचा. काल्दो वेर्द हे हिरवं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो. “सें कार्न”, म्हणजे मांसाशिवाय, असं आधी विचारा. त्यापेक्षा रूळ ओलांडून मोश्काविदमध्ये जा, ओरिएंतहून एक स्टेशन किंवा पंधरा-वीस मिनिटं चाल. साध्या कॅफेत काचेच्या कपाटात शामुसा मिळतो, म्हणजे आपला समोसाच, आकाराने लहान आणि आत बहुधा खिमा. भाजीचा आहे का ते विचारून घ्या. बरोबर एक बिका, म्हणजे छोटी कडक कॉफी. काउंटरवर उभ्याने घ्या. बाहेरच्या टेबलावर बसलात तर तीच कॉफी बऱ्याच ठिकाणी महाग पडते.