आधी आकडा आठवला

शनिवारपासून डोक्यात एकच चाललंय म्हणून आज लिहूनच टाकते. शाळेतला पोरांचा बाजार संपला होता, पोरं गल्ला मोजत बसलेली, आणि आमचा कॅशियर नोटा सरळ करता करता सहज बोलला, "काकी, पुढच्या वर्षी मी नाय हां, पप्पा देवगडच्या बागेत जानार." एवढंच. परत मोजायला लागला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर शाळेत पोरं चौदा, त्यातले चौथीचे दोन गेले की बारा, हा आणि ह्याची बहीण गेली की दहा, अंगणवाडीतून येणार एक, म्हणजे अकरा. त्याच्या तोंडाकडे मी नंतर बघितलं.

तेच टोचतंय. मला त्याचं वाईट वाटलं का पटाचं, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या आकड्याचं?

बाजार खरंच मस्त झाला. आनंददायी शनिवार सुरू झाल्यापासून बाई दर शनिवारी काहीतरी काढतातच, पण ह्यावेळी खरे पैसे आणि खरी गिऱ्हाईकं. परसबागेतला लाल माठ आणि मुळा, घरून आणलेले आवळे, सोलं, कुळथाचं पीठ, रताळी, दोघांनी सुकट आणलेली तर त्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं. वाडीतल्या सगळ्या आज्या आल्या आणि मुद्दाम घासाघीस केली, कारण बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, मुलांना हिशोबाला लावा. पस्तीसचा माल घेऊन शंभराची नोट दिली की हा पोरगा बोटं न मोजता पस्तीस न पाच चाळीस न साठ शंभर असं करत पैसे परत देतो. पुस्तकात 2019 पासून साठ पाच असंही म्हणायला शिकवतात, आज्यांना पासष्टच कळतं, ह्याला दोन्ही येतं. ह्याच्या आईने त्यांच्याकडची नेपाळी सेल रोटी करून दिलेली, तांदूळ भिजत घालून वाटून, साखर वेलची घालून गोल कडं तळतात ते. आमच्या सासूबाईंनी दोन खाल्ली आणि तिला म्हणाल्या, "अगो, पुढच्या खेपेस माझ्याकडचे तांदूळ ने." पहिलं तेच संपलं.

पहिलीत आला तेव्हा मराठी कळायची नाही, नुसता बघत बसायचा. बाईंनी त्याला माझ्या बायोशेजारी बसवला, आणि आता तिसरीत 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचं सूत्रसंचालन तो करणारे, रोज पाठ करतोय, बागेत आईबाप वानरं हाकलत असतात आणि हा झाडाखाली उभा राहून "सन्माननीय व्यासपीठ" म्हणत असतो.

आणि मी आकडे मोजते.

पण का नाही मोजणार? 30 सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर शिक्षक ठरतात. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आजूबाजूच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा, काढायचे प्रस्ताव सरकारने मागवले होते तेव्हापासून आमच्या समितीच्या प्रत्येक मिटिंगला हाच विषय असतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बायका, आमच्याकडे आता जवळपास घरटी एक जण समितीत आहे. पहिलीतल्या पोराने रोज घाटी चढून खाली उतरून दुसऱ्या गावात जायचं, पावसात, ओढ्याला पाणी असताना? बस देऊ म्हणतात. आमच्या रस्त्यावर एसटी कधी येते ते सगळ्यांना माहितीये.

कधीकधी फार एकटं वाटतं. मी ह्याच शाळेत शिकले, दोन वर्ग पडवीत बसायचे एवढी पोरं होतो. माझ्या वर्गातले सगळे विरार, नालासोपारा, दिवा. गणपतीत येतात, शाळेकडे बघून भावुक होतात, फोटो काढतात आणि विसर्जन झालं की घरांना कुलपं. मागे राहिलो आम्ही, आणि आम्ही राहिलो म्हणून शाळा राखायचीही आम्हीच. हे पण हल्ली म्हणायला लागलेत की आपण तरी... जाऊ दे, तो विषय आज नको.

काल भाकऱ्या थापताना परत तेच, त्याचं का पटाचं. मग वाटलं की मला ते वेगळं काढताच येत नाहीये. वर्गात चाळीस पोरं असती तर एक गेलेला मला कळलंही नसतं, फारतर बायोने सांगितलं असतं आणि मी बरं म्हटलं असतं. चौदाच आहेत म्हणून तर मला माहितीये की ह्याला मुळा आवडत नाही, हा खिचडीतला माठ आधी वेगळा करतो आणि मग तोच शेवटी खातो, ह्याच्या बहिणीला कुत्र्याची भीती वाटते. आकडा आधी आठवला तरी त्या आकड्यात तो होताच. एवढं वाईट वाटू देते मी स्वतःला, पण त्याहून जास्त नको, कारण त्याच्या बापाला तिकडे पगार बरा आहे आणि खोलीला पक्कं छप्पर आहे, आणि मी त्याला आमच्या पटासाठी थांब म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार. शिवाय तिकडेही अशीच एखादी शाळा असेल, तिथल्या बाई जूनमध्ये दारात उभं राहून बघत असतील कोण येतंय का, त्यांच्याकडे एकदम दोन येतील.

बाईंशी बोलले सकाळी. दाखला मागितल्यावर लगेच द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला मुलाला थांबवता येत नाही, वयाचा कागद नसला तरी नाही, कायदाच आहे तसा. तरी मे महिन्याच्या आधी सगळं तयार ठेवू म्हणाल्या, तीनही वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि बहिणीचंही. देवगडची नक्की कुठली वाडी ते त्याच्या आईला विचारायचंय, म्हणजे तिथल्या शाळेचा नंबर काढता येईल. संध्याकाळी तांदूळ द्यायला जाणारच आहे, तेव्हा विचारते.