स्वस्तातला बेल्ट-डिस्क सँडर घेताना: वॅटपेक्षा टेबल बघा

घरच्या वर्कशॉपसाठी बेल्ट-डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या पॉलिश पेपरच्या पट्ट्यावर (बेल्ट) आणि चकतीवर लाकूड घासणारं मशीन, घ्यायचं ठरलं की सगळ्यांची पहिली नजर वॅटच्या आकड्यावर जाते. तिथेच गल्लत होते. ५०० वॅटची मोटर आणि वाकडं टेबल (तुकडा टेकवायचा मशीनवरचा छोटा पाट) यापेक्षा ३७५ वॅटची मोटर आणि गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, बसणारं टेबल केव्हाही सरस. स्वस्त मशीनमध्ये काटकसर होते ती टेबल, कोनाची पट्टी (तुकडा हव्या त्या कोनात धरणारी सरकती पट्टी), बेल्टमागची प्लेट आणि धुळीची वाट या चार ठिकाणी. मोटर बहुतेकदा कामापुरती ठीकच असते.

आधी हे मशीन कशासाठी आहे ते स्पष्ट असू द्या. करवतीने कापलेल्या तुकड्याची टोकं चौकोनात आणणं, ४५ अंशाचा सांधा केसभर घासून जुळवणं, कोपरे गोल करणं, खेळण्यांचे आणि हँडलचे आकार काढणं, ही त्याची कामं. फळीची अख्खी रुंदी सपाट करणं हे त्याचं काम नाही, तिथे रंधाच हवा. दीड फुटाची फळी ४ इंची बेल्टवर फिरवली तर लाटा उठतात आणि त्या पॉलिश लागल्यावरच दिसतात.

मापांचं म्हणाल तर बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला १ × ३० इंची बेल्ट आणि ५ इंची चकती. चाकू, विळे, पटाशीची पाठ आणि लहान वक्र तुकड्यांसाठी हा छान, पण सरळ कडेसाठी अपुरा. दुसरा ४ × ३६ इंची बेल्ट (१०० × ९१४ मिमी) आणि ६ इंची चकती. घरगुती सुतारकामासाठी डोळे झाकून हाच घ्यावा. तिसरा ६ × ४८ इंचीचा. तो चांगलाच असतो, पण वजन, जागा आणि किंमत तिन्ही बाबतीत घरच्या आवाक्याबाहेर जातो. मधल्या मापाची शिफारस करण्याचं आणखी एक कारण म्हणजे बेल्ट. मशीन एकदाच घ्यायचं असतं, बेल्ट मात्र घेतच राहायचे असतात, आणि ४ × ३६ हे सगळ्यात जास्त चालणारं माप आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीकडे चौकशी केली, तर कुमी किंवा नॉर्टन या कंपन्यांच्या पॉलिश पेपरच्या रोलमधून हव्या त्या मापाचे बेल्ट जोडून देणारे भेटतात. मशीनचं माप आडनिडं असेल तर आधी बेल्ट कुठे मिळेल ते बघावं, मगच पैसे मोजावेत.

आता वेगाचा हिशेब. ५० हर्ट्झवर साधी इंडक्शन मोटर मिनिटाला १४४० किंवा २८५० फेऱ्यांच्या आसपास फिरते. ६ इंची चकतीची कड १४४० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने जाते, २८५० फेऱ्यांना २२ मीटरने. ज्या मशीनमध्ये बेल्टचा रोलर थेट मोटरच्या शाफ्टवर असतो, तिथे ६० मिमी रोलर धरला तर १४४० फेऱ्यांना बेल्टचा वेग सेकंदाला जेमतेम साडेचार मीटर येतो. म्हणून एकाच मशीनवर चकती झरझर खाते आणि बेल्ट सुस्त वाटतो. हा दोष नाही, गणित आहे. लाकडासाठी १४४० फेऱ्यांचं मशीन मला जास्त पसंत आहे. काम थोडं हळू होतं, पण लाकूड कमी जळतं आणि नवशिक्याचा हात सावरायला वेळ मिळतो.

मोटरच्या पाटीवर वॅटच्या शेजारी आणखी एक खूण असते, ती कुणी वाचत नाही. ‘एस१’ म्हणजे मोटर सलग चालवली तरी चालेल. ‘एस२ ३० मिनिटं’ म्हणजे अर्धा तास चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची. स्वस्त मशीन बरीचशी एस२ असतात आणि घरच्या कामाला ते पुरतं, फक्त ते माहीत असायला हवं. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा सुटा भाग) गेलेला असतो. स्विच लगेच बंद करावा, नाहीतर वाइंडिंग जळतं. कपॅसिटर पंपाची मोटर भरणारा कुठलाही रिवाइंडिंगवाला बदलून देतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून असं मशीन मागवायचा मोह टाळा. तिथली मोटर ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर इथे सहापैकी पाच भाग वेगानेच फिरते आणि तापते.

दुकानात जाताना खिशात एक छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन), एक स्टीलची पट्टी आणि पेन्सिल असावी. मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना टेबल शून्यावर आणून गुण्या टेबलावर आणि चकतीवर टेकवायचा. फट दिसली तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक टेबलांना बोल्ट सैल करून जुळवणी करता येते. पण टेबल घट्ट केल्यावर पुढची कड अंगठ्याने दाबून बघा. ती खाली जात असेल तर खालचा कंस पातळ पत्र्याचा आहे आणि त्याला इलाज नाही. असं मशीन सोडून द्यावं.

मग पेन्सिल टेबलावर आडवी धरून तिचं टोक चकतीच्या कडेला जेमतेम लागेल असं ठेवायचं आणि चकती हाताने सावकाश फिरवायची. एका जागी टोक घासतं आणि अर्ध्या फेरीनंतर फट पडते, असं झालं तर चकती डगमगते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर दुसरा नग काढायला सांगा. डगमगणारी चकती तुकड्यावर सतत ठोके देते आणि कड कधीच स्वच्छ येत नाही. टेबल आणि चकती यांच्यातली फट दीड-दोन मिमीपेक्षा जास्त राहता कामा नये. तिथे बारीक तुकडा ओढला जातो आणि त्याच्यामागून बोटही जातं.

बेल्ट उतरवून त्यामागच्या प्लेटवर स्टीलची पट्टी उभी-आडवी-तिरपी ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. मधे फुगवटा असेल तर पट्टी झुलते. किंचित फुगवटा मात्र घरी काढता येतो: प्लेट खोलून जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासायची. वर ग्रॅफाइटचं कापड चिकटवलं तर बेल्ट कमी तापतो.

कोनाची पट्टी टेबलाच्या खाचेत हलवून बघा. स्वस्त मशीनमध्ये ती नक्की खुळखुळते. पट्टीच्या कडेला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी एकेक थर लावत गेलं की खेळ जातो.

खरी परीक्षा बेल्टच्या सरळ चालण्याची. नवा बेल्ट चढवताना आतल्या बाजूचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. बेल्टचा सांधा एकावर एक चढवलेला असेल, तर उलट लावल्यावर तुकडा सांध्याला अडकून बेल्ट तिथेच फाटतो. टेपने जोडलेले बेल्ट दोन्ही दिशांना चालतात. ताणाचा खटका लावून आधी बेल्ट हातानेच चार-पाच वेळा फिरवा, मग स्विच क्षणभर चालू करून लगेच बंद करा. बेल्ट ज्या बाजूला सरकतो ते बघून बेल्ट मधे आणणारा नॉब पाव फेरा फिरवा आणि परत क्षणभर चालवा. घाईने मोठा फेरा दिला तर बेल्ट एका दमात बाजूला पळतो आणि त्याची कड ॲल्युमिनियमच्या बॉडीत खाच पाडते. जुनं मशीन बघायला गेलात तर ही खाच आवर्जून शोधा. नॉब शेवटपर्यंत फिरवूनही बेल्ट मधे राहत नसेल तर दुसरा बेल्ट लावून बघा. तोही पळाला तर स्प्रिंग ढिली किंवा रोलर तिरका आहे.

चकतीवर काम नेहमी खाली जाणाऱ्या बाजूलाच करायचं. बहुतेक मशीनची चकती समोरून बघताना घड्याळाच्या उलट फिरते, म्हणजे डावी अर्धी बाजू. ती तुकडा टेबलावर दाबते. उजवी बाजू तो उचलून भिरकावते. मध्यभागी वेग शून्याजवळ असल्यामुळे ६ इंची चकतीत खरोखर कामाची जागा अडीच इंचांच्या आसपासच उरते. तुमचे तुकडे यापेक्षा रुंद असतील, तर ८ इंची चकतीसाठी जास्त पैसे मोजणं योग्य ठरेल.

पेपरच्या नंबरचं (नंबर लहान तितका पेपर खरखरीत) साधं गणित आहे: चकतीवर ८०, बेल्टवर १२०. मोठा आकार काढायचा असेल तर ६०. १८० च्या पुढचा पेपर या मशीनवर लाकूड जाळतो, तो हातानेच मारावा. सागाच्या तेलाने आणि पाइनच्या राळेने बेल्ट चोंदतो, मग माणूस जास्त दाबतो, जास्त दाबल्याने उष्णता वाढते आणि टोकावर काळा डाग बसतो. चालत्या बेल्टवर क्रेप रबराची कांडी किंवा जुन्या बुटाचा क्रेपचा तळवा टेकवला की अडकलेला भुसा निघून येतो. वेल्क्रोच्या चकत्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सहज मिळतात, पण वेल्क्रोची गादी मऊ असल्याने तुकड्याची कड किंचित गोल होते. सांधे जुळवायचे असतील तर चिकट पाठीचीच चकती घ्या. जुनी काढताना हेअर ड्रायरने गरम केली की सोलून निघते.

धुळीवर हात आखडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, मोडते, आणि साग-शिसवाच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. मशीनसोबत येणारी कापडी पिशवी जाड भुसाच पकडते, बारीक धूळ सगळ्या खोलीत पसरते. धुळीचं तोंड आणि व्हॅक्युम क्लीनरचा पाइप यांचं माप जुळत नाही तेव्हा पीव्हीसीचा रिड्यूसर आणि थोडा सायकलचा ट्यूब पुरतो. तरीही एन९५ मास्क लावाच. आणि त्याच मशीनवर लोखंड घासायचं असेल तर आधी पिशवी, पाइप आणि आतला कप्पा पूर्ण रिकामा करा. ठिणगी भुशात तासन् तास धुमसत राहते आणि तुम्ही झोपल्यावर पेट घेते. पटाशी घासताना ती सारखी पाण्यात बुडवत राहा. पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे धार धरणारा कडकपणा गेला.

हातमोजे घालू नका, ओढणी आणि सैल बाह्या आवरून घ्या. दोन इंचांहून लहान तुकडा बोटांत न धरता लाकडी पकडीत धरा. अँगल ग्राइंडर उलटा बांधून त्यावर चकती चढवण्याची युक्ती अनेक जण दाखवतात. मिनिटाला १०-११ हजार फेऱ्यांच्या त्या यंत्रावर लाकूड घासू नये. पैसे अगदीच कमी असतील तर हातातला ३ × २१ इंची बेल्ट सँडर फळीवर आडवा बांधून वापरणं त्यापेक्षा बरं. आवाज फार करतो, पण काम देतो.

मशीन १८ मिमी प्लायवर बोल्टने बसवा, खाली रबर द्या, टेबल कोपराच्या उंचीला येऊ द्या. ३७५ वॅटला साधा ६ अँपियरचा सॉकेट पुरतो, मात्र अर्थिंग असायलाच हवं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बेल्ट दमट होऊन कडा वळतात आणि मग ते सरळ चालत नाहीत. काम संपलं की ताणाचा खटका सोडा आणि सुटे बेल्ट खिळ्याला न टांगता ४ इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर अडकवून बंद कपाटात ठेवा.