कबुतरांच्या पाण्यात मी रोज काय काय घालत होतो आणि ते बंद केल्यावर काय झालं (माझा अनुभव)

शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझ्याकडे 24 रेसर आहेत. सुरुवातीला धान्य, ग्रिट (पचनासाठी खडे-खनिजांचा चुरा) आणि साधं पाणी एवढंच चालायचं आणि पक्षी बरे उडायचे. मग मी सप्लिमेंटच्या मागे लागलो. मल्टीव्हिटॅमिन, बी कॉम्प्लेक्स, इलेक्ट्रोलाइट, डी3वालं कॅल्शियम, अमिनो अ‍ॅसिड, प्रोबायोटिक, लसणाचं तेल, कार्निटिन (चरबी वापरायला शरीराला लागणारा पदार्थ)... फळीवर बाटल्यांची रांग लागली आणि पाण्यात काहीच घातलं नाही असा दिवसच उरला नाही. मला मनापासून वाटायचं की आपण त्यांच्यासाठी होईल तेवढं सगळं करतोय.

सीझनच्या मध्यावर पक्षी उशिरा यायला लागले. अगोदर एक-दोन, मग अर्धे. टॉसला, म्हणजे सरावासाठी लांब नेऊन, सोडले की घोळका फुटायचा, घरी येऊन छपरावरच बसून राहायचे, आत यायची घाई नाही. शीट पातळ आणि हिरवट झाली. निरोगी कबुतराची शीट घट्ट गोळीसारखी, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असते, सकाळी लॉफ्टमध्ये (कबुतरांच्या खुराड्यात) गेल्यावर मी आधी तेच बघतो, आणि त्या आठवड्यात जमिनीवर नुसते ओले डाग होते. बारीक मऊ पिसं जी एरवी कोपऱ्यात उडत असतात तीही दिसेनात. मी काय केलं तर अमिनो अ‍ॅसिडचा डोस वाढवला.

शेवटी शिटेचा नमुना घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मायक्रोस्कोपखाली कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, भरपूर निघाले. त्यावरचं औषध अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगितलं, पाच दिवस. पाच दिवस झाले, फरक जवळपास शून्य. परत गेलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषधाबरोबर अजून काय देताय?"

म्हटलं, "अशक्त झालेत म्हणून बी कॉम्प्लेक्स धान्यावर लावतोय, दोन्ही वेळेला."

मग त्यांनी जे समजावलं ते मी आजवर कोणत्याच बाटलीवर नीट वाचलं नव्हतं. अँप्रोलियमची घडण थायमिनसारखी, म्हणजे बी1 सारखी असते. कॉक्सिडिया त्यालाच बी1 समजून घेतात आणि खरं बी1 न मिळाल्यामुळे मरतात. मी वरून खरं बी1 देत होतो, म्हणजे औषधाचा परिणाम स्वतःच्या हाताने पुसत होतो. बी कॉम्प्लेक्स द्यायचंच, पण कोर्स संपल्यावर, कारण तेव्हा पक्ष्यालाही त्याची गरज असते. तसंच डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कॅल्शियम आणि ग्रिट काढून ठेवायचं, कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. या दोन गोष्टी तरी प्रत्येकाने लिहून ठेवा.

बी1 वरून आठवलं, 'व्हिटॅमिन' हा शब्द काझिमिर फुंक यांनी 1912 साली आणला आणि त्यांच्या प्रयोगात कबुतरंच होती. नुसत्या पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेली कबुतरं मज्जातंतूंच्या आजाराने पडायची आणि कोंड्याचा अर्क दिला की सावरायची. ज्या पक्ष्याने माणसाला व्हिटॅमिन शिकवलं त्याच्याच बाबतीत आपण बाटलीवरचं चित्र बघून डोस ठरवतो हे मला त्या दिवशी फार लागलं.

डॉक्टरांनी कोर्स परत सुरू केला आणि सांगितलं की तो झाल्यावर थोडे दिवस बी कॉम्प्लेक्स, आणि त्यानंतर दोन आठवडे साधं पाणी, दुसरं काहीच नाही, आणि पाणी मोजून ठेवा. हे मोजायचं काम मला आधी फालतू वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त मी त्यातूनच शिकलो. थंड दिवशी 24 पक्षी मिळून साधारण लिटरभर पाणी प्यायचे. गरमीत, त्यात टॉस झालेला असेल तर, सव्वादोन लिटर. आता विचार करा, मी लिटरला ठरलेलं झाकण घालायचो, म्हणजे गरमीच्या दिवशी प्रत्येक पक्ष्याच्या पोटात दुप्पट व्हिटॅमिन जात होतं आणि ते मी नाही, हवा ठरवत होती. पिल्लांना भरवणारी जोडी तर त्याहून जास्त पाणी पिते. बी गटातलं जास्त झालेलं बहुतेक लघवीवाटे निघून जातं, पण ए आणि डी3 अंगात साठतात, डी3 फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात साचतं. आणि व्हिटॅमिन सी तर कबुतर स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करतं, मी ते रोज देत होतो.

भांडं धुताना अजून एक गोष्ट कळली. आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत, बुळबुळीत थर. वरवर स्वच्छ दिसायचं. ग्लुकोज आणि अमिनोवालं पाणी दिवसभर ठेवलं की त्यात जंतूंची चंगळ होते आणि तेच पाणी दिवसभर सगळे पितात. आता असं काही घातलं तर चार-पाच तासांत भांडं काढतो, ब्रशने घासतो आणि साधं पाणी भरतो. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आठवड्यातून एकदा लिटरला 5 मिली, पण प्लास्टिकच्याच भांड्यात, जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात अजिबात नको, आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि ते पक्ष्याला विष आहे.

दोन आठवडे नुसतं धान्य आणि पाणी. नवव्या-दहाव्या दिवशी शीट घट्ट झाली. नाकावरचा पांढरा भाग, जो मळकट राखाडी झाला होता, परत खडूसारखा पांढरा दिसायला लागला. माझी एक निळी मादी आहे, तिला हातात घेतलं की आधी दगडासारखी जड लागायची, आणि छातीवरची पिसं फुंकून बाजूला केली की खाली कातडी निळसर आणि कोंडा आल्यासारखी. आता हातात घेतली तर हलकी, टणक, फुगवलेल्या चेंडूसारखी, आणि छातीचं मांस गुलाबी.

त्यानंतर मी एकेक गोष्ट परत आणली, आणि प्रत्येकीला विचारलं की तू नक्की कशासाठी. आधी धान्यच नीट लावलं, कारण लांबच्या शर्यतीत इंधन असतं चरबीचं. सुरुवातीचा थोडा वेळ शरीर साखर वापरतं, पुढचे कितीतरी तास चरबीवरच जातात. एक ग्रॅम चरबीतून 9 किलोकॅलरी मिळतात, कार्बोहायड्रेटमधून 4. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला बार्लीवालं हलकं मिश्रण, शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस मका, करडई, सूर्यफूल आणि थोडे शेंगदाणे. एका पक्ष्याला दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास धान्य, तेही वजन करून. जे काम मका आणि शेंगदाणे करतात ते कुठलीही बाटली करत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. कार्निटिन मी बंद केलं, ते शरीर लायसिन आणि मेथिओनिनपासून स्वतः बनवतं, आणि माझ्या पक्ष्यांत ते दिल्याने किंवा न दिल्याने काही फरक दिसला नाही.

इलेक्ट्रोलाइट मात्र ठेवलं, पण फक्त शर्यतीहून आल्यावर. कोमट पाण्यात, पहिले काही तास, मग साधं पाणी. रोज दिलं तर मिठामुळे शीट नुसती पातळ होते आणि आपण आजार समजून घाबरतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रुअर्स यीस्ट, स्नायूंच्या दुरुस्तीसाठी: बादलीत धान्य, त्यावर तेलाचे काही थेंब, हाताने चोळून दाणे जेमतेम चकचकीत करायचे आणि मग यीस्टची पूड भुरभुरायची. एका वेळेपुरतंच करायचं, उरलं तर टाकून द्यायचं, तेल खवट होतं. व्हिटॅमिन आता असंच धान्यावर, वजनाच्या हिशोबाने, आठवड्यातून एकदा. प्रोबायोटिक अँटिबायोटिकनंतर किंवा बास्केटमधला लांबचा प्रवास झाल्यावर. कॅल्शियमचा जोर जोड्या लावताना, कारण मादी दोन अंडी घालते आणि कवचासाठी तिच्या हाडांतलंही कॅल्शियम जातं. ग्रिट आणि शिंपल्यांचा चुरा वर्षभर समोर.

तो सीझन मी अर्ध्यावर सोडला, पक्षी पाठवले नाहीत. वाईट वाटलं पण पर्याय नव्हता.

आजाराच्या आठवड्यात निळ्या मादीच्या पंखातलं तिसरं मोठं पीस उगवत होतं. ते पूर्ण वाढल्यावर बघितलं तर मधोमध एक आडवी रेघ, ब्लेडने ओरखडा काढावा तशी. पीस वाढत असताना पक्ष्याचे हाल झाले की ते असं उमटतं, आणि ते पीस पुढच्या गळतीपर्यंत तसंच राहतं. वर्षभर तिला हातात घेतली की पंख उघडून मी ती रेघ बघायचो. पीसगळतीत प्रथिनं जास्त लागतात म्हणून तेवढ्या काळात वाटाणा वाढवला, यीस्ट आठवड्यातून दोनदा केलं, बाकी काही नाही. या वर्षी ते पीस गळालं, सकाळी झाडताना कोपऱ्यात सापडलं, रेघेपाशी जरा वाकवलं तर तिथेच मोडलं. जागेवर आलेलं नवीन पीस काल उजेडात धरून पाहिलं, मुळापासून टोकापर्यंत सलग आहे.